वीस सेकंदांचे लॉरेल-हार्डी: १९३०च्या दशकातल्या धाटणीचं कृष्णधवल कार्टून कसं करावं

कागदावरचं अर्कचित्र एकाच बाजूने, एकाच क्षणी ओळखू आलं तरी भागतं. कार्टूनमधल्या अर्कचित्राला वळावं लागतं, चालावं लागतं, पाठमोरं व्हावं लागतं, आणि तरीही पडद्यावर येताच दोन सेकंदांत प्रेक्षकाने ‘अरे, हा तर तो!’ म्हणायला हवं. म्हणून इथे चेहऱ्यापेक्षा चालीला आणि लकबीला जास्त मान आहे. त्या काळातल्या स्टुडिओंनी हे फार लवकर हेरलं होतं. ‘फेलिक्स इन हॉलिवूड’ (१९२३) पाहा. फेलिक्स बोका आपली शेपटी काढून छडीसारखी फिरवतो आणि चार्ली चॅप्लिनसारखा चालायला लागतो. चेहरा बोक्याचाच राहतो, पण चॅप्लिन ओळखायला कुणाला वेळ लागत नाही.

काम सुरू करण्याआधी तीन फिल्म बारकाईने पाहाव्यात. पहिली वरचीच. दुसरी डिस्नेची ‘मिकीज गाला प्रीमियर’ (१९३३). हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरात मिकीच्या फिल्मचा पहिला खेळ आहे आणि त्या काळचे बहुतेक सगळे नट-नट्या तिथे हजर आहेत. त्यांची अर्कचित्रं काढायला स्टुडिओने जो ग्रँट या वर्तमानपत्रातल्या अर्कचित्रकाराला बोलावलं होतं. प्रेक्षागृहातला प्रसंग फ्रेम-फ्रेमने पुढे न्या आणि कोण कसं हसतं, शरीराचा कुठला भाग आधी हलतो ते टिपा. तिसरी फ्लायशर स्टुडिओची, बेटी बूप या त्यांच्या कार्टून नायिकेची ‘मिनी द मूचर’ (१९३२). गायक कॅब कॅलोवेच्या खऱ्या नाचाचं चित्रण फ्रेमवार गिरवून तिथे वॉलरसचं भूत नाचवलंय. या गिरवण्याच्या यंत्राचं, रोटोस्कोपचं, पेटंट मॅक्स फ्लायशरना १९१७ साली मिळालं.

कोणाला निवडायचं

आजच्या प्रेक्षकाला माहीत असलेला माणूस घ्या. विनोदी नट जो ई. ब्राऊनचं अवाढव्य तोंड १९३३ साली सगळ्यांना ठाऊक होतं, आज तुमचं चित्र कितीही उत्तम असलं तरी ओळख पटणार नाही. नवख्यांसाठी लॉरेल-हार्डी ही जोडी सर्वांत सोयीची. एक आडवा, एक उभा, त्यामुळे अर्धी ओळख बाह्याकृतीतच होते. शिवाय दोघांच्या लकबी ठरलेल्या आहेत: हार्डीचं टाय फडफडवणं आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहणं, लॉरेलचं डोक्याचा शेंडा खाजवणं आणि रडवेला चेहरा. मूकपटांतला निर्विकार विनोदी नट बस्टर कीटनही चांगला, कारण त्याचा चेहरा हलवावाच लागत नाही. पण मग सगळा भार शरीराच्या हालचालीवर येतो आणि ते जास्त अवघड आहे.

हक्कांचा विषय इथेच संपवू. गायिका हेलन केनने १९३२मध्ये बेटी बूप ही आपली नक्कल आहे म्हणून अडीच लाख डॉलरचा दावा लावला होता. १९३४मध्ये तो फेटाळला गेला. त्यावरून सगळंच चालतं असं समजू नका. नटांच्या नावा-चेहऱ्याचे व्यापारी हक्क अनेकदा कुणाच्या तरी हातात असतात. सरावासाठी काढणं वेगळं, आणि तेच चित्र टी-शर्टवर छापून विकणं वेगळं.

आकार बांधणं

प्रत्येकी किमान १५ फोटो जमवा: समोरून, पाऊण, बाजूने आणि पाठमोरे. एकाच फोटोवरून अर्कचित्र बांधलं की पहिल्या वळणालाच ते कोसळतं, कारण समोरून रेषेने काढलेलं नाक बाजूने कसं दिसतं हे तुम्ही ठरवलेलंच नसतं.

डोकं घन आकारांतून बांधा. हार्डीचं डोकं खाली गालांशी रुंद, वर निमुळतं. डोळे बारीक आणि जवळजवळ, कपाळावर चिकटलेली झुलपं, नाकाखाली चिमूटभर मिशी. मान जवळजवळ नाहीच. लॉरेलचं डोकं लांबट, हनुवटी मोठी, भुवया वर चढलेल्या, केस उभे. उंचीच्या एक तृतीयांश डोकं ठेवा; त्याहून लहान केलंत तर दुरून चेहरा हरवतो.

जुन्या मिकीच्या काळ्या डोळ्यांत पाचरीसारखी कापलेली खाच असते, तशी नटांच्या डोळ्यांना देऊ नका. ‘जुन्या धाटणीचं’ करायचं म्हणून सर्रास ती दिली जाते आणि मग सगळे चेहरे एकाच साच्यातले दिसतात. रबरी नळीसारखे हातपाय चालतील, पण पंजा आणि बूट माणसाचे ठेवा. हार्डीची बोटं नाजूक आणि नखरेल हवीत. एवढा अवजड माणूस इतक्या हळुवार बोटांनी टाय धरतो, त्यातच तर सगळी गंमत आहे.

मॉडेल शीटवर, म्हणजे पात्राच्या नमुना-तक्त्यावर, चार बाजू, चार तोंडं आणि तीन पंजे पुरतात. मग चाचणी घ्या: आकृती पूर्ण काळी भरा, दोन सेंटिमीटर उंचीची करा आणि या जोडीला ओळखणाऱ्या पाच जणांना दाखवा. निदान चौघांनी लगेच ओळखायला हवं. नाही ओळखलं तर चेहऱ्यावर काम वाढवू नका; टोपी, पोट आणि उभं राहण्याची ढब बदला. हीच चाचणी पाठमोऱ्या आकृतीवरही करा.

एक गोष्ट ठामपणे टाळायची आहे. त्या काळच्या फिल्ममध्ये कृष्णवर्णीय कलाकारांना त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्याऐवजी जाड ओठांचा एक तयार मुखवटा चिकटवलेला दिसतो. चिनी आणि ज्यू माणसांचंही तेच. ते अर्कचित्र नव्हे, अपमान आहे, आणि चित्रकार म्हणून आळसही. कसोटी सोपी आहे: जे वैशिष्ट्य त्या समाजातल्या कुणालाही चिकटवता येईल ते खोडा, जे फक्त त्याच माणसाचं आहे ते ठेवा.

ठेक्यावर आखणी

सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक चित्र दोन फ्रेमसाठी, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. वीस सेकंदांच्या ४८० फ्रेम होतात. तुलनेसाठी सांगायचं तर सात मिनिटांच्या त्या काळच्या कार्टूनमध्ये १०,०८० फ्रेम, म्हणजे ३५ मिमीची ६३० फूट फिल्म लागे.

बोलपटानंतरची कार्टून संगीताच्या ठेक्यावर बांधली जात, चित्रं काढण्याआधीच. १२ फ्रेमला एक ठोका धरला तर मिनिटाला १२० ठोके, १० फ्रेमला १४४, ८ फ्रेमला १८०. या कामाला १२ फ्रेमचा ठोका घ्या. ४० ठोक्यांत वीस सेकंद बसतात. प्रसंग थिएटरच्या दारातला: दोघे चालत येतात (८ ठोके), ‘आधी आपण’ करत एकमेकांना वाट देतात (८), एकदमच घुसून दारात अडकतात (४), मागे फेकले जातात (४), हार्डी ओशाळून कॅमेऱ्याकडे पाहत टाय फडफडवतो (५), लॉरेल डोकं खाजवतो (५), दार तोंडावर बंद होतं (६). चालीत एका ठोक्याला एक पाऊल, म्हणजे दोन पावलांचं आवर्तन २४ फ्रेमचं आणि १२ चित्रांचं. लॉरेलला तीच गती पण लांब ढांग, हार्डीला आखूड पावलं आणि प्रत्येक पावलाला पोटाचा हेलकावा. पोट शरीराच्या मागून एक चित्र उशिरा पोचलं पाहिजे, नाहीतर ते लाकडी वाटतं.

टाय फडफडवण्याच्या ६० फ्रेम अशा मांडा:

- १ ते ८: हात पोटावर, स्थिर. एक चित्र.
- ९ ते १२: खांदे वर, पोट आत. दोन चित्रं. ही पूर्वतयारी गाळली की पुढची हालचाल अचानक कुठून तरी आल्यासारखी वाटते.
- १३ ते १८: दोन बोटांनी टायचं टोक उचलणं. तीन चित्रं.
- १९ ते २४: शेवटचं चित्र तसंच धरून ठेवा.
- २५ ते ४८: वर, मध्य, खाली, मध्य असं आठ फ्रेमचं आवर्तन तीनदा. नवी चित्रं फक्त तीन.
- ४९ ते ५२: हनुवटी आत, लाजरं हसू. दोन चित्रं.
- ५३ ते ६०: स्थिर.

म्हणजे अडीच सेकंदांना अवघी ११ चित्रं, आणि मुख्य बदल ठोक्यावर. १९ ते २४ मधला थांबा कापायचा मोह होईल, पण विनोद त्या पाव सेकंदातच आहे: टाय हातात आहे आणि अजून काहीच होत नाही. सबंध प्रसंगाला दोघांची मिळून सव्वाशेच्या आसपास चित्रं लागतील.

चाल जमत नसेल तर मूळ चित्रण गिरवता येतं, पण फक्त कंबर आणि पावलं, तीही दर चौथ्या फ्रेमला. सगळ्या फ्रेम जशाच्या तशा गिरवल्या की पात्र तरंगतं. खऱ्या माणसाच्या हालचालीत कार्टूनइतके ठळक थांबे नसतात. ते तुम्हालाच घालावे लागतात.

रेषा आणि राखाडी छटा

कागदावर करत असाल तर पेग बार (कागदाची भोकं अडकवायची खुंट्यांची पट्टी) आणि लाइटबॉक्स (खालून उजेड देणारी पेटी) हवाच. कागदाची भोकं सैल झाली की चित्र थरथरतं. संगणकावर क्रिता किंवा ओपनटून्झ, दोन्ही फुकट आहेत. ओपनटून्झमधलं एक्स्पोजर शीट (कुठल्या फ्रेमला कुठलं चित्र याचा तक्ता) जुन्या पद्धतीच्या सर्वांत जवळचं.

पाचच छटा ठेवा: काळा, पांढरा आणि मधल्या तीन राखाडी, साधारण २०, ४५ आणि ७० टक्के काळ्या. पात्रं मुख्यतः काळ्या-पांढऱ्यात, पार्श्वभूमी राखाडीत, जलरंगाच्या पातळ हाताने. काळा कोट काळ्या दारासमोर आला की हार्डी नाहीसा होतो, म्हणून दार २० टक्क्यांत रंगवा आणि टाय पांढरट ठेवा. मिकीच्या हातात पांढरे हातमोजे आले तेही याच गरजेतून: काळ्या अंगावर काळा हात दिसत नाही. आधी रंगीत काढून नंतर रंग उडवू नका. लाल आणि हिरवा दोन्ही अनेकदा जवळजवळ सारखेच राखाडी होतात आणि सगळं चित्र मळकट दिसतं.

हलणारा भाग आणि स्थिर शरीर वेगवेगळ्या थरांवर ठेवा. सेलवर, म्हणजे पातळ पारदर्शक तावावर, काम चालायचं तेव्हा प्रत्येक थराने खालचा रंग किंचित काळवंडे, म्हणून खालच्या थरातला रंग थोडा उजळ मिसळावा लागे किंवा थरांची संख्या कायम ठेवण्यासाठी कोरी सेल घालावी लागे. संगणकावर ही अडचण नाही. पण मनगटापाशी दोन थर जुळतात तिथली रेषा जाडीला समान हवी, नाहीतर हात डकवलेला दिसतो.

चौकट १४४० बाय १०८० पिक्सेल ठेवा. ओरखडे आणि धूळ ओतू नका. आपल्या डोळ्यांसमोर असलेला ओरखड्यांचा ‘जुना लूक’ बऱ्याचदा पुढे झिजलेल्या, प्रतींवरून काढलेल्या प्रतींचा असतो. नव्या प्रतीत चित्र लख्ख दिसे. चौकटीला एक-दोन पिक्सेलचं हलकं डोलणं, प्रकाशात दोन-तीन टक्क्यांचा चढउतार आणि रेषेला अगदी किंचित मऊपणा दिला की पुरे.

आवाज

मोनोच ठेवा. १०० हर्ट्झच्या खालचं आणि ६,००० हर्ट्झच्या वरचं कापून टाका. पियानो, झायलोफोन, लाकडी ठोकळा आणि सरकती शिट्टी एवढ्यात काम होतं. या जोडीची प्रसिद्ध धून वापरू नका. तिच्यावाचूनही ते ओळखू आले पाहिजेत, आणि हक्कांची डोकेदुखीही टळते. दार आपटण्याचा आवाज ज्या फ्रेमला आहे, तिच्या एक-दोन फ्रेम आधी चित्रात दार चौकटीला लागलेलं असावं. अगदी एकाच फ्रेमवर ठेवलं तर अनेकदा चित्र मागे पडल्यासारखं भासतं. पूर्ण फिल्म एकदा आवाज बंद करून चालवा. टायच्या प्रसंगात लय डोळ्यांना जाणवली नाही, तर दुरुस्ती एक्स्पोजर शीटवर करा, संगीतात नाही.