द शो की सुपर मेगा? दोन बेसबॉल गेम एकमेकांशी ताडून कसे बघायचे

कुठला बेसबॉल गेम घेऊ असं कुणी विचारलं की एकजण ग्राफिक्सचे फोटो टाकतो, दुसरा म्हणतो अरे ग्राफिक्स काय चाटायचेत, मजा बघ मजा, आणि विचारणारा बिचारा होता तिथेच राहतो. मीही आधी तसंच केलेलं. एमएलबी द शो २५ मध्ये (एमएलबी म्हणजे अमेरिकेतली मुख्य बेसबॉल लीग) मोठ्या तोऱ्यात अवघड अशी ऑल-स्टार लेव्हल लावली, सुपर मेगा बेसबॉल ४ मध्ये इगो, म्हणजे तिथला अवघडपणाचा आकडा, २० वर ठेवला, एकीकडे शून्यावर हरलो, दुसरीकडे धो धो रन केले, आणि जाहीर करून टाकलं की सुपर मेगा म्हणजे पोरखेळ. डोंबलाचा पोरखेळ, आठवड्यानं इगो ६० वर नेला तर बॅटला बॉल लागेना.

तेव्हा पहिलं काम म्हणजे दोन्हीला एका पातळीवर आणणं. तोच टीव्ही, तोच कंट्रोलर, जमलं तर तोच कन्सोल. टीव्हीचा गेम मोड चालू करा, हे विसरू नका, कारण पिचरचा, म्हणजे बॉल फेकणाऱ्याचा, माउंड होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा असतो तिथून, १८.४४ मीटरवर असतो आणि ताशी ९५ मैलांचा बॉल तेवढं अंतर अर्ध्या सेकंदाच्याही आत कापतो, त्यात टीव्हीनं आपली थोडी दिरंगाई घातली की दोष गेमला बसतो. द शो मध्ये डायनॅमिक डिफिकल्टी बंद करा, नाहीतर तुम्ही चांगलं खेळाल तसा गेम गुपचूप अवघड होत जातो आणि तुलनेचा बट्ट्याबोळ होतो. बॅटिंग आणि पिचिंगची लेव्हल वेगवेगळी ठेवता येते, पण सुरुवातीला दोन्ही व्हेटरनवर ठेवा. सुपर मेगामध्ये लेव्हलला नावं नाहीत, इगो नावाचा आकडा आहे, ० ते ९९. मी ४०-४५ पासून सुरू करायला सांगेन. हे आकडे काही दगडावरची रेघ नाही, दोन्हीकडे तुम्ही साधारण निम्म्या मॅच हराल असं काहीतरी शोधायचं, बास. इनिंग्ज दोन्हीकडे सारख्या आणि कमी, नऊ इनिंगच्या मॅच खेळत बसलात तर तुलना पूर्ण व्हायच्या आत नवा भाग येईल.

आता खरी परीक्षा. बॅटिंग. माझं स्पष्ट मत आहे की बेसबॉल गेम चांगला की वाईट हे तुम्ही आउट कसे होता त्यावर ठरतं, होमरन तर कुठल्याही गेममध्ये छानच दिसतो. म्हणून दोन्हीकडे वीस-पंचवीस बॅटर खेळवा आणि प्रत्येक आउटनंतर स्वतःला एकच विचारा, आपण का चुकलो ते कळलं का?

द शो मध्ये हिटिंगची पद्धत 'झोन' या पर्यायावर ठेवा (डिरेक्शनल आणि टायमिंग हे सोपे पर्याय आहेत, पण त्यांच्यावर तुलना करू नका, अर्धी गंमत निघून जाते). डाव्या स्टिकनं पीसीआय म्हणजे बॅट कुठे जाणार ते चिन्ह हलवायचं आणि वेळेवर बटण दाबायचं, प्लेस्टेशनवर क्रॉसनं नॉर्मल स्विंग, सर्कलनं कॉन्टॅक्ट, स्क्वेअरनं पॉवर. स्विंग झाला की गेम सांगतो तुम्ही लवकर फिरवली की उशिरा, आणि पीसीआय बॉलच्या किती वर-खाली होतं. २५ मध्ये अँबुश हिटिंग आलंय, म्हणजे बॉल आत येणार की बाहेर याचा आधीच अंदाज बांधायचा, बरोबर आला तर फायदा आणि चुकला तर बसा बोंबलत. एवढी माहिती मिळते म्हणून दहा-बारा मॅचमध्ये आपली खोड कळते. माझी कळली, मला स्लायडर, म्हणजे ऐनवेळी वळून खाली पडणारा बॉल, दिसतच नाही आणि मी दर वेळी हवेत बॅट फिरवतो. पण याची दुसरी बाजूपण आहे, परफेक्ट-परफेक्ट, म्हणजे वेळ आणि जागा दोन्ही अचूक साधून मारलेला बॉल सरळ फिल्डरच्या ग्लोव्हमध्ये गेला की जो संताप होतो तो सुपर मेगामध्ये होत नाही. खऱ्या बेसबॉलमध्ये असंच होतं हे मान्य, पण रात्री बारा वाजता ते पटत नाही.

सुपर मेगामध्ये बघायला कमी आणि करायला जास्त आहे. साधा स्विंग नाहीतर पॉवर स्विंग, पॉवरसाठी बटण आधीपासून दाबून धरायचं आणि नेमक्या क्षणी सोडायचं, सोबत डाव्या स्टिकनं बॅटचं चिन्ह बॉलवर न्यायचं. इगो कमी असेल तर गेम सांभाळून घेतो, वाढवत गेलात की तो हात सोडतो आणि मग तुम्ही आणि बॉल. विश्लेषणाचा पसारा नाही, पण का चुकलं ते डोळ्यांनाच कळतं. नवीन माणसाला, बेसबॉल आयुष्यात न बघितलेल्या माणसाला मी आधी हाच हातात देईन. क्रिकेट बघून मोठं झालेल्या आपल्यासारख्यांना प्रत्येक बॉलला बॅट घालायची खाज असते, ती घालवायला दोन्हीकडे एक व्यायाम करा: पहिल्या तीन मॅच प्रत्येक बॅटरचा पहिला पिच सोडून द्या, कसाही असो. मग चार बॉल स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीच्या, बाहेर गेले की फुकट बेस मिळतो या गोष्टीची किंमत कळते आणि कुठल्या गेममध्ये बॉल झोनच्या आत की बाहेर हे जास्त लवकर ओळखता येतंय तेही कळतं.

पिचिंगमध्ये दोघांचे रस्ते पूर्ण फुटतात. द शो मध्ये मीटर, प्युअर अ‍ॅनालॉग, पल्स असे बरेच प्रकार आहेत, पण तुलना पिनपॉइंटवर करा. हा २०२१ च्या भागात आला. प्रत्येक पिचसाठी उजव्या स्टिकनं एक ठरलेली आकृती काढायची, फास्टबॉलची सोपी, कर्व्हबॉलची वाकडीतिकडी, आणि ती नुसती काढून भागत नाही, वेगही जुळावा लागतो आणि शेवटी सोडायची वेळही. पहिले दोन दिवस वाटतं की हे बेसबॉल नाही सुलेखन आहे. तिसऱ्या दिवशी बॉल हवा तिथे कोपऱ्यात बसतो आणि मग दुसऱ्या कुठल्याही पद्धतीवर परत जावंसं वाटत नाही. सुपर मेगामध्ये पिच निवडा, जागा निवडा, आणि फेकायला सुरुवात केली की एक चिन्ह भलतीकडे उमटतं, ते बॉल सुटायच्या आत ओढून लक्ष्यावर आणायचं. इतकंच. पण पिचर दमला, किंवा त्याचा मोजो घसरला, की हेच काम जड होतं. मोजो म्हणजे खेळाडूची मनस्थिती, आणि मला विचाराल तर सुपर मेगाची सगळ्यात हुशार कल्पना तीच आहे, शेवटच्या इनिंगला तीन बेस भरलेले असताना कच्चा पिचर उभा केला की तुमच्या बोटांनाच ते जाणवतं. खेळाडूंचे आकडेही मोजके, बॅटरला पॉवर, कॉन्टॅक्ट, स्पीड वगैरे आणि पिचरला व्हेलॉसिटी, जंक, अ‍ॅक्युरसी. जंक म्हणजे बॉल किती वळतो-फसवतो ते, हे नाव मला जाम आवडतं.

फिल्डिंगवर वेळ घालवू नका. द शो मध्ये थ्रो मीटर नीट सांभाळावा लागतो, सुपर मेगामध्ये डाइव्ह मारायला धमाल येते, यावरून कुणी गेम निवडत नाही.

यानंतर मोड बघा, आधी नाही. खऱ्या ३० टीम, खरे खेळाडू, १६२ मॅचचा सीझन हवा असेल तर विषयच संपला, ते फक्त द शो मध्ये आहे. वेळ नसेल तर मार्च टू ऑक्टोबर आहे, त्यात सीझनमधले मोक्याचे प्रसंगच खेळायचे. रोड टू द शो मध्ये एकच खेळाडू घेऊन शाळा-कॉलेजपासून वर चढायचं. आणि २०२३ च्या भागात सुरू झालेला नीग्रो लीग्जचा, म्हणजे पूर्वीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगचा, स्टोरीलाइन्स मोड, कॅन्सस सिटीच्या नीग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियमचे प्रमुख बॉब केंड्रिक स्वतः गोष्टी सांगतात, तो बेसबॉलमध्ये रस नसलेल्यानंही बघावा असा आहे.

सुपर मेगाकडे एमएलबीच्या टीम नाहीत. सायरलॉइन्स, बीवुल्व्ह्ज, मूस, प्लॅटिपाय असल्या भन्नाट टीम, बाया-पुरुष एकत्र खेळतात, आणि ४ मध्ये डेव्हिड ऑर्टिझ, विली मेज, बेब रूथ धरून २०० च्या वर जुने खरे खेळाडू आलेत. शफल ड्राफ्टमध्ये सगळे खेळाडू पिसून नव्यानं टीम बांधायची, त्यात माझा अख्खा शनिवार गेलाय. मजा म्हणजे हा गेम ईए या बड्या गेम कंपनीच्या नावानं येतो, सुपर मेगा बनवणारी मेटलहेड ही कंपनी ईएनं २०२१ मध्ये घेतली. हीच ईए एकेकाळी एमव्हीपी बेसबॉल काढायची, २००५ चा भाग लोक अजून डोक्यावर घेतात, पण त्याच वर्षी टेक-टू या दुसऱ्या गेम कंपनीनं एमएलबीशी करार करून बाहेरच्या बाकी कंपन्यांना दार बंद केलं. सोनी स्वतःच्या कन्सोलसाठी गेम काढत असल्यानं त्या कचाट्यातून सुटली, म्हणून २००६ पासून द शो चालूच आहे.

खिशाचा हिशोब वेगळा करा. द शो दर वर्षी नवा येतो. डायमंड डायनॅस्टी या कार्ड गोळा करायच्या मोडमध्ये स्टब्ज नावाचं चलन चालतं, ते खेळून मिळतं तसं खऱ्या पैशानंही घेता येतं, आणि जमवलेली टीम पुढच्या वर्षीच्या भागात येत नाही. एकही पैसा न घालता खेळता येतं, मी खेळतो, पण पॅक, म्हणजे आत कुठली कार्ड निघतील ते माहीत नसलेली पाकिटं, फोडायचा मोह ज्याला आवरत नाही त्यानं त्या मोडकडे बघूच नये. सुपर मेगाचा चौथा भाग जून २०२३ मध्ये आला, हा गेम दर वर्षी येत नाही आणि पॅक फोडायची भानगडच नाही.

कन्सोल कुठला हे खरं तर सगळ्यात आधी बघायचं, मी शेवटी सांगतोय. पीसी असेल तर द शो येतच नाही, सुपर मेगा घ्या आणि वरचं सगळं विसरा. पीएस४ किंवा जुना एक्सबॉक्स वन असेल तर द शो २४ पर्यंतच, २५ त्यावर नाही, सुपर मेगा ४ मात्र चालतो. स्विचवर दोन्ही चालतात, पण द शो तिथे बराच फिका दिसतो.

आणि घरात खेळायला दुसरं कुणी असेल तर अजून एक परीक्षा घ्या. कधीच बेसबॉल न खेळलेल्या माणसाच्या हातात कंट्रोलर द्या, काही समजावू नका, नुसते बसून बघा. माझ्या भावानं द शो मध्ये दहाव्या मिनिटाला मोबाइल काढला. सुपर मेगामध्ये दोघं एकाच टीमकडून खेळलो, त्यानं पहिला होमरन मारला, आणि आता दर रविवारी तोच विचारतो, लावायचा का. एकटा असलो की मी अजूनही द शो लावतो, स्लायडर अजून दिसत नाहीये.