ओरिगामी जमत नाही? हाताला दोष देण्याआधी या चुका टाळा

ओरिगामी शिकणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. क्रेन पक्ष्याची मान शेवटच्या घडीला फाटते. चार टोकं एका जागी येतच नाहीत. डबी मिटवून ठेवली की हळूहळू आपणच उघडते. मग निष्कर्ष निघतो, ‘माझ्या हातात ती कला नाही.’ हातात कला आहे की नाही हे नंतर बघू. आधी त्या हातात कागद कोणता दिला होता ते तपासायला हवं. सुरुवातीच्या अपयशात मोठा वाटा कागदाचा असतो, आणि तो कागद बहुधा शाळेच्या कार्यानुभवाच्या वहीतून उरलेला घोटीव कागद असतो.

घोटीव कागदाचा मोह

नाशिकच्या शालिमार, मेन रोड किंवा एम. जी. रोडच्या कुठल्याही स्टेशनरी दुकानात ‘ओरिगामीला कागद द्या’ म्हटलं की समोर घोटीव कागदाचं, म्हणजे ग्लेझ पेपरचं पाकीट येतं. रंग झकास, एका बाजूला चकाकी, दुसरी बाजू पांढरी. दिसायला अगदी ओरिगामीच्या चित्रांतल्यासारखा. पण हा रंग पांढऱ्या कागदावर चढवलेला थर असतो. घडी नखाने दाबली की तो थर तडकतो आणि घडीवर पांढरी रेघ उमटते. क्रेनसारख्या आकृतीत एकच रेघ आधी एका बाजूला, मग उलट बाजूला मोडावी लागते. हे दोन-तीनदा झालं की पातळ कागदाचे तंतू तिथे तुटायला लागतात. मान फाटते ती यामुळे.

घोटीव कागद वाईट नाही. होडी, पंखा, कुत्र्याचं तोंड अशा दहा घड्यांच्या आतल्या गोष्टींना तो छान दिसतो. चूक होते ती त्यावर क्रेन शिकायला बसण्यात. शिवाय पाकिटातले तुकडे चौरस असतातच असं नाही. दोन तुकडे एकावर एक ठेवा, वरचा नव्वद अंशांत फिरवा. कडा जुळल्या नाहीत तर तो आयत आहे, आणि त्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा हिशेब शेवटच्या घडीला चुकता करावा लागतो.

मग शिकायला काय घ्यावं? माझं मत सरळ आहे: झेरॉक्सचा साधा रंगीत कागद, ७० ते ८० जीएसएम. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; रिमच्या वेष्टनावर ते छापलेलं असतं. जपानमध्ये रोजच्या सरावाला वापरतात तो १५ सेंटीमीटरचा कागद याहून थोडा हलका असतो, पण फार नाही. झेरॉक्सच्या कागदाचा रंग लगद्यातच मिसळलेला असल्याने घडीवर पांढरं दिसत नाही, घडी धरून राहते, आणि चुकलं तर टाकून द्यायला जीव तुटत नाही. तोटा एकच, दोन्ही बाजू सारख्या. शिकताना आत-बाहेरचा गोंधळ होतो, म्हणून एका बाजूला पेन्सिलने फुली मारून ठेवा.

बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात. कार्डशीटवर क्रेन करू नका. आठ-दहा पदर एकावर एक आले की जाड कागद कडेने फुटतो. मात्र उडी मारणारा बेडूक त्याच जाड कागदाचा चांगला होतो, कारण त्याला मागच्या घडीत ताण लागतो. मऊ कागदाचा बेडूक नुसता बसून राहतो. जुन्या लग्नपत्रिकांचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. वर्तमानपत्र मऊ, घडी लगेच सैलावते, बोटं काळी होतात. पण मोठी टोपी किंवा लहान मुलांना दिसेल एवढी प्रचंड आकृती करायची तर तेच बरं. द्राक्षाच्या घडांना वर्तमानपत्रं गुंडाळणाऱ्या जिल्ह्यात रद्दीला तसाही मान आहे. गिफ्ट रॅपिंगचा प्लॅस्टिकचा थर असलेला कागद घडी धरतच नाही. क्रेप कागद ताणला जातो, तो फुलांसाठी ठेवा.

पतंगाचा कागद ही मात्र आपल्याकडची दुर्लक्षित चीज. येवल्याची संक्रांत पाहिलेल्यांना त्याचा कडकपणा ठाऊक असेल. पातळ असूनही तो घडी करकरीत धरतो, दोन्ही बाजूंनी रंगीत असतो आणि उजेड आरपार जातो, त्यामुळे खिडकीला लावायच्या चांदण्या त्याच्या अप्रतिम होतात. फक्त हात कोरडे हवेत; ओल्या बोटांना तो रंग सोडतो. आणि एकाच रेघेवर चार वेळा मागेपुढे केलं तर फाटतो, तेव्हा पहिला प्रयोग यावर नको.

दुकानातच करायची एक परीक्षा सांगतो. नमुन्याच्या कागदाचा कोपरा मोडून नखाने दाबा आणि सोडा. अर्ध्याहून जास्त उघडला तर कागद फार ताठ. घडीवर पांढरी रेघ आली तर थर चढवलेला. आता तीच घडी उलट बाजूला मोडा, पुन्हा सुलट, असं चार-पाच वेळा. तंतू विरले नाहीत तर बिनधास्त घ्या.

घड्या सोसण्यात खरा वस्ताद कागद मात्र स्टेशनरीत मिळत नाही. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८पासून नोटा छापल्या जातात, आणि नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो. लाकडाच्या लगद्यापेक्षा हे तंतू लांब आणि चिवट, म्हणून खिशात हजारदा दुमडूनही नोट टिकते. आहेराच्या कोऱ्या नोटेची अंगठी किंवा शर्ट करणारे हौशी लोक यावरच जगतात. मुलांच्या सरावाला मात्र हा कागद सुचवणार नाही, कारण उघड आहे.

चौरस चुकला तर पुढचं सगळं चुकतं

ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. एक कोपरा तिरका दुमडून लहान कड लांब कडेवर बसवायची आणि उरलेली ८७ मिलिमीटरची पट्टी कापायची, हे सगळ्यांना माहीत असतं. बिघडतं ते कापताना. कात्री रेघेवरून हलते आणि कड नागमोडी होते. स्टीलची पट्टी आणि कटर वापरा. नसेल तर कापायच्या कागदी पट्टीची घडी दोन्ही बाजूंना चार वेळा करकचून दाबा आणि आत बोथट सुरी घालून कागद चिरा. कात्रीपेक्षा सरळ निघतो.

जास्त कागद लागत असेल, म्हणजे वर्गासाठी किंवा शिबिरासाठी, तर प्रिंटिंग प्रेस किंवा बाइंडिंगवाल्याकडे जा. त्यांच्या कटिंग मशीनवर अख्खी रिम एका दमात सुटते. इथे एक गंमत लक्षात ठेवा. ‘पंधरा सेंटीमीटरचे चौकोन पाडा’ म्हणून सांगितलंत तर एका ए-फोरमधून एकच निघेल, कारण दोन पंधरा म्हणजे ३०० मिलिमीटर आणि कागद आहे २९७चा. ‘चौदा पॉइंट आठ’ म्हणा, दोन निघतात. दोन मिलिमीटरच्या फरकाने कुठलीही आकृती अडत नाही.

कागदालाही दिशा असते, आणि श्रावणही

यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेने लागलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी सहज आणि साफ पडते, आडवी घडी थोडी अडते. कागद न मोडता हलकेच वाकवून बघा, एकदा उभा, एकदा आडवा. ज्या बाजूला कमी विरोध होतो ती घडी तंतूंना समांतर. पातळ कागदात हा फरक विसरलात तरी चालतो. जाड कागदात मात्र मुख्य, सगळ्यात जास्त ताण येणारी घडी तंतूंना समांतर येईल असा कागद फिरवून घ्यावा, नाहीतर घडीवर कागद फुटतो.

नाशिकचा पावसाळा इथे मध्ये येतो. जुलै-ऑगस्टच्या झडीत कागद हवेतला ओलावा शोषतो, मऊ पडतो, घडी धरत नाही. तंतू लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतात, म्हणून कागदही एका दिशेला जास्त वाढतो. दमट दिवसात कापलेला चौकोन कोरड्या हिवाळ्यात केसभर आयत झालेला असतो. उपाय साधे आहेत. कापलेले कागद हवाबंद पिशवीत, आडवे, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात त्या फुकट मिळतात. ओल धरणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नका. आणि गुंडाळी करून तर मुळीच नाही, तो बाक नंतर प्रत्येक घडीला आडवा येतो.

आता हाताच्या चुका

कागद बदलूनही न सुटणाऱ्या चुका आहेतच. पहिली, हवेत घडी घालणं. मांडीवर, उशीवर, गप्पा मारताना हातात धरून. टेबल घ्या. कोपऱ्यावर कोपरा आणा, बोटाने तिथे धरून ठेवा, दुसऱ्या हाताने मधून कडांकडे घडी सरकवा, आणि जुळलंय याची खात्री झाल्यावरच नखाने दाबा. उलटा क्रम, म्हणजे आधी दाबणं आणि मग जुळवणं, यातून दोन रेघा तयार होतात आणि पुढे कागद चुकीच्या रेघेवर मोडू लागतो. नख दुखत असेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ वापरा.

दुसरी चूक फार कमी जण सांगतात. कडा मध्यरेषेवर आणायच्या असतील तेव्हा त्या रेषेला अगदी चिकटवू नका. अर्धा मिलिमीटर जागा सोडा. कागदाला जाडी असते. पुढे त्याच मध्यरेषेवर आकृती पुन्हा मिटली की दोन्ही कडा एकमेकींवर चढतात, आतला पदर सुरकुततो आणि टोक बोथट होतं. काटेकोरपणे नेमकं घडवणाऱ्यांनाच हा त्रास जास्त होतो, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

तिसरी चूक, सुरुवातीचा चौकोनी पाया, म्हणजे क्रेनसारखी आकृती जिथून पुढे घडते तो मिटलेला चौकोन. कागदावर दोन कर्ण आणि दोन मध्यरेषा अशा चार घड्या असतात, आणि त्या सगळ्या एकाच बाजूने घातल्या की कागद मिटायला नकार देतो. कर्णाच्या घड्या रंगीत बाजू वर ठेवून घाला, मग कागद उलटा आणि मध्यरेषांच्या घड्या पांढरी (झेरॉक्सच्या कागदात फुलीची) बाजू वर ठेवून घाला. आता तीन कोपरे चौथ्याकडे आणले की चौकोन आपोआप बसतो, रंग बाहेर. चौकोनाऐवजी त्रिकोण तयार झाला? मग तुम्ही दोन्ही बाजूंची अदलाबदल केली. तो फुग्याचा पाया आहे, फेकू नका, त्याचा फुगवता येणारा ठोकळा करा.

क्रेनमध्ये, म्हणजे हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला उतरणाऱ्या क्रौंचांच्या या कागदी भावंडात, अडकण्याच्या तीन जागा आहेत. चौकोनी पायाचं उघडं टोक, जिथे चारही कोपरे सुटे असतात, तुमच्याकडे हवं. ते वर ठेवून कडा दुमडल्या तर पाकळी, म्हणजे वरचा पदर उचलून लांबट उघडायची घडी, उघडतच नाही आणि लोक जोर लावून कागद फाडतात. पाकळी उघडण्याआधी वरचा छोटा त्रिकोण खाली मोडून रेघ पक्की करा. ती रेघच बिजागरीचं काम करते. वर उचलताना बाजूच्या कडा आत पडू लागतील, तिथल्या घड्या उलटवाव्या लागतात. टोक हळू उचला, कडा दोन्ही बाजूंनी सारख्या आत ढकला, आणि सपाट झाल्याशिवाय काहीच दाबू नका.

तिसरी जागा मानेची. दोन्ही बाजूंच्या पाकळ्या उघडून पक्ष्याचा पाया तयार झाल्यावर खाली मधोमध चीर असलेली दोन टोकं दिसतात. मान आणि शेपूट यांचीच. चीर नसलेली रुंद टोकं पंखांची. नवशिके हटकून रुंद टोकं निमुळती करतात आणि मग पंखच उरत नाहीत. मान आत उलटवण्याआधी ती घडी पुढे-मागे दोन्हीकडे एकदा पाडून घ्या, मग पदर किंचित उघडून टोक मधून वर सरकवा. थेट वर ओढलं तर फाटणारच, कागद कितीही चांगला असो.

चित्रातल्या रेघा वाचा

आकृत्यांच्या पायऱ्या बघताना लोक चित्र बघतात, रेघा बघत नाहीत. नुसत्या तुटक रेघेचा अर्थ घडी आपल्याकडे, म्हणजे दरी. रेघ आणि टिंब अशी मिश्र ओळ असेल तर घडी पाठीमागे, म्हणजे डोंगर. ही खूणपद्धत जपानच्या अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी रूढ केली, म्हणूनच जपानी अक्षरही न कळता जपानी आकृती करता येते. आणखी एक सवय लावा: घडी घालण्याआधी पुढच्या पायरीचं चित्र बघायचं. सध्याचं चित्र काय करायचं ते सांगतं, पुढचं चित्र ते झाल्यावर कसं दिसेल ते. व्हिडिओवरून शिकणाऱ्यांनी ज्या घडीला अडतो तिथे थांबवून कागद चित्रातल्या दिशेलाच धरावा. अर्धे घोटाळे कागद उलटा धरल्याने होतात.

पाणी लावावं का?

योशिझावांनीच जाड कागद ओलसर करून घडवण्याची रीत आणली. गोलसर पाठ, फुगीर पोट, वाळल्यावर कडक. ते फोटो बघून घरोघरी फवारे निघतात आणि झेरॉक्सच्या कागदाचा लगदा होतो. ही रीत जाड, खळ असलेल्या कागदाची आहे. चित्रकलेचा कार्ट्रिज कागद चालतो. फवारा नको, पिळलेल्या फडक्याने कागद फक्त थंड लागेल इतका पुसा. दोन्ही बाजू पुसा, नाहीतर तो एकीकडे वळतो. चकाकी गेली आणि कागद चामड्यासारखा वाटू लागला की घड्या सुरू करा. पाणी दिसत असेल तर थांबा. घडलेली आकृती दोऱ्याने किंवा कागदी चिकटपट्टीने हलकेच बांधून रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात दोन रात्री.