टेकडीच्या पायवाटेसाठी प्रभाग समितीपुढे जाताना

टेकडीवर रोज सकाळी भेटणारी माणसं एकत्र बसली की पहिल्या बैठकीत तक्रारींची यादी होते. कचरा, कुत्री, दिवे, मोटारसायकली, वणवा, सगळं एकाच अर्जात. असा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो, कारण त्यातलं एकेक काम वेगळ्या खात्याचं असतं. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. तिथे शिकलेली गोष्ट इथेही लागू पडते: आधी जमीन कुणाची ते बघा, मग मागणी लिहा.

पुण्यात एकाच टेकडीवर वन विभाग, महापालिका आणि खासगी मालक यांच्या जमिनी शेजारी शेजारी असतात. १९९७ साली पालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर शिवाय बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, सुमारे ९७८ हेक्टर. आरक्षण पडलं म्हणून मालकी बदलत नाही. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा बघा, विकास आराखड्याच्या नकाशावर आपली वाट पेन्सिलीनं काढा आणि तिचे तुकडे पाडा: इथवर पालिका, इथून वन, हा पट्टा खासगी.

मी स्वतः मात्र हे केलं नव्हतं. आमच्या गटानं आठ महिने पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे अर्ज केले आणि मग कळलं, माती वाहून जाणारा उतार वन विभागाचा आहे. तेवढ्यात एक पावसाळा गेला. वाट गुडघाभर खोल झाली. आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजल्या आणि जिथे रोज चालते तिथला नकाशा उघडला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

गट सात-आठ जणांचा पुरे, पण त्यात नुसते फिरायला येणारे नकोत. पायथ्याच्या वस्तीतल्या बायका हव्यात, कारण वरून येणारं पाणी त्यांच्या दारात येतं. शेळ्या चारणारं कुणी असेल तर आवर्जून घ्या. आमच्याकडे शेळ्या आणणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी बोट दाखवलं: माती जुन्या वाटेवर सुटत नाही, शॉर्टकटवर सुटते. जुनी वाट वळणं घेत उतरते. घाईच्या लोकांनी वळण टाळलं, गवत तुडवलं गेलं, मुरूम उघडा पडला आणि पाण्याला सरळ घसरण मिळाली. आम्ही कुणीच हे पाहिलं नव्हतं.

मग टेप घेऊन एक रविवार द्या. घळीची लांबी, रुंदी, खोली लिहा. फोटोत पट्टी उभी ठेवा, आणि पावसाआधी व पावसानंतर त्याच दगडावर उभं राहून फोटो काढा.

मागणी लिहिताना सर्वांत जपायचं ते इथे. पेव्हर ब्लॉक मागू नका. समितीत तो पर्याय लगेच पुढे येतो, कारण त्याचा दर आणि अंदाजपत्रक तयार असतं. पण फरशीवर पाणी मुरत नाही, कडेनं धावतं आणि कडा खणून काढतं. त्याऐवजी शॉर्टकट काटेरी फांद्या आणि दगडांनी बंद करायला सांगा. जुन्या वाटेवर थोड्या थोड्या अंतरानं दगडांच्या तिरप्या ओळी मागा, म्हणजे पाणी बाजूच्या गवतात वळेल. कुणीतरी म्हणेल, मोकळ्या माळावर झाडं लावू. चांगल्या मनानंच म्हणेल. त्यांना शांतपणे सांगा की गवताळ माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. टिटवी आणि चंडोल तिथेच जमिनीवर अंडी घालतात. गिरिपुष्प या परदेशी झाडाच्या एकसुरी लागवडीखाली असे माळ आपण आधीच पुष्कळ गमावले आहेत.

वनाच्या तुकड्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा. जाळरेषांची, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांची, आठवण दिवाळीनंतर लगेच करा, गवत वाळून पेटल्यावर उपयोग नाही. पालिकेच्या तुकड्यासाठी प्रभाग समिती. महापालिका अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे या समितीवर स्वयंसेवी आणि लोकसंस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य घेता येतात. ते त्या समितीच्या हद्दीतले मतदार असावे लागतात आणि त्यांना नगरसेवक नेमतात. म्हणून आपली संस्था मान्यताप्राप्त असू द्या आणि नेमणुकीआधीच सर्व पक्षांच्या नगरसेवकांना टेकडीवर चालवून आणा. कागदापेक्षा ती घळ त्यांना पटते. छोट्या कामासाठी नागरिकांच्या अंदाजपत्रकाचा अर्जही आहे, म्हणजे पालिकेच्या अंदाजपत्रकात घ्यायचं काम नागरिकांनीच सुचवायचं. पुण्यात ही पद्धत २००६ पासून आहे.

बैठकीत एकानंच बोलावं. नकाशा, दोन फोटो, एक मागणी. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. महिनाभरात हालचाल दिसली नाही, तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून त्याच आवक क्रमांकावर काय कार्यवाही झाली ते विचारा.

काम झालं की पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन वर जा. पाणी दगडांच्या ओळीपाशी वळतंय का ते बघा, त्याच दगडावरून फोटो काढा आणि पुढच्या बैठकीला घेऊन जा.