फळांचा रस पिताय? या चुका टाळा

आमचे बाबा रोज पहाटे पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरायला जातात. उतरताना ग्लासभर मोसंबीचा रस, तोही बिनसाखरेचा. मधुमेहाची गोळी वेळेवर चालू होती, तरी गेल्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा चढलेला आला. "मी तर वरून साखर घालूच देत नाही!" बाबा हिरमुसले.

मग रविवारी त्यांच्यासमोरच रस काढला. ग्लास भरायला चार मोसंबी लागली. गाळणीत मूठभर चोथा राहिला. म्हटलं, बाबा, चार मोसंबी सोलून दिली तर एका बैठकीला संपवाल? दोनातच पोट भरलं असतं. रस मात्र उभ्याउभ्या दोन मिनिटांत संपतो.

सगळ्यात मोठी चूक हीच, रस म्हणजे फळच असं धरून चालणं. चोथ्यातले तंतू साखर रक्तात सावकाश उतरू देतात, आणि आपण तेच फेकून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेची मर्यादा सांगितली, तेव्हा रसातली नैसर्गिक साखरही त्यात मोजली. दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत, जमल्यास 5 टक्के, म्हणजे साधारण 25 ग्रॅम. संत्र्याच्या 250 मिलीच्या एका ग्लासातच 20 ग्रॅमच्या वर साखर जाते. रस हवाच असेल तर लहान कपभर, न गाळता आणि जेवणासोबत घ्या. त्यातलं क जीवनसत्त्व पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदतही करतं.

दुधीच्या रसाबद्दल मात्र कळकळीने सांगते. दुधी किसण्याआधी एक चकती जिभेला लावून बघा. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या. आलं, पुदिना, लिंबू घालून कडवटपणा झाकायला जाऊ नका, आणि "औषध कडूच असतं" म्हणून डोळे मिटून पिऊ तर नकाच. त्या कडूपणात कुकरबिटासिन नावाचं विष असतं. उलट्या, पोटात कळा, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम कोसळणं असे प्रकार होतात, माणसं दगावलीही आहेत. त्याला उतारा नाही. घोटभर जरी गेला आणि पोट ढवळू लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

बाहेर पिताना बर्फ आणि पाणी कुठलं, हे विचारायला लाजू नका. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट गेलं होतं. रसवंतीत "बिनबर्फाचा द्या" म्हटलं की काम होतं. ग्लास आपल्यासमोर धुवून घ्या.

आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबीचा रस किंवा शहाळं नेण्याची आपली रीत प्रेमाची आहे, पण मूत्रपिंडाचा विकार असेल तर दोन्हींतलं पोटॅशियम बाधू शकतं. आधी डॉक्टरांना विचारा. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूटचा (द्राक्षं नव्हेत, पपनसासारखं फळ) रस चालत नाही, तेही विचारून घ्या.

वर्षाच्या आतल्या बाळाला रस नकोच. खोक्यातल्या रसाचं म्हणाल, तर '100 टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच जून 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं. पुढचं चित्र सोडा, मागची साखर वाचा.

एका वेळी मात्र रसच कामाचा. गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर अचानक उतरली, हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर अर्धा कप रस लगेच द्यावा आणि 15 मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट रुग्णवाहिका बोलवावी.

बाबा आता डब्यात एक सोललेली मोसंबी नेतात. रसाचा छोटा खोका खिशात असतो, तो फक्त साखर उतरली तरच फोडायचा.