कयाक, सायकली, डर्ट बाइक आणि मुक्काम: ठाणे-नवी मुंबईहून निघताना गाडीचा सेटअप कसा निवडावा

अमेरिकेत ‘टॉय हॉलर’ नावाचे कॅम्पर मिळतात. पुढे झोपायची जागा आणि ओटा, मागे गॅरेज. मागची भिंत खाली पाडली की तिचीच उतरंड होते आणि त्यावरून मोटरसायकल किंवा चार चाकांची क्वाड बाइक आत ढकलता येते. आपल्याकडे असे वाहन सहजासहजी मिळत नाही. मिळाले तरी घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरमधल्या सोसायटीत ते उभे करायला जागा नसते. त्यामुळे इथे हा सेटअप तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो: माणसे कशात, मुक्काम कशात आणि खेळाचे सामान कशावर. हौसेला मोल नसते म्हणतात. वजन मात्र असते, आणि बहुतेक चुका जागा मोजून वजन न मोजल्यामुळे होतात.

१. आधी वजनांची यादी करा

गाडी बघायला जाण्यापूर्वी हे आकडे कागदावर घ्या. फुगवायची कयाक (वल्ह्याची छोटी होडी) १२ ते १८ किलो. कडक प्लास्टिकची दोघांची कयाक २५ ते ३५ किलो, लांबी साडेतीन मीटरच्या आसपास. माउंटन बाइक १३ ते १६ किलो, ई-सायकल २० ते २५. हिरो एक्सपल्स २०० साधारण १६० किलो, रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० म्हणजे १९६ किलो. मोठी क्वाड बाइक किंवा जेट स्की ३०० किलोच्या घरात किंवा पुढे.

मग तुमच्या गाडीला किती भार चालतो ते काढा. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली कंपनीची धातूची पट्टी असते. तिच्यावरच्या एकूण कमाल वजनातून आरसीवरचे रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ते तुमचे. त्यात माणसेही आली. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब साधारण असा होतो: माणसे २७० किलो, छपरावरचा तंबू ६० आणि त्याचा रॅक ८, पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो, फ्रिज आणि बॅटरी ३०, शेगडी, ५ किलोचा सिलिंडर, भांडी, शिधा मिळून ४०, अंथरुणे, कपडे, खुर्च्या ५०. बेरीज ४९८. गाडीची क्षमता ५५० किलो असेल तर खेळाच्या सामानाला ५२ किलो उरले. दोन सायकली आणि एक हलका रॅक, बस्स.

कागदावरचा हिशेब एकदा काट्यावर तपासा. तुर्भे आणि कळंबोलीच्या पट्ट्यात ट्रकांसाठी वजनकाटे आहेत. माणसांसकट भरलेली गाडी आधी पूर्ण चढवा, मग फक्त पुढची चाके चढवून दुसरे वजन घ्या. वजाबाकी म्हणजे मागच्या एक्सलवरचा भार. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल ओव्हरलोड निघू शकतो, आणि तो का, ते रॅकच्या हिशेबात दिसेल.

२. सामान वापरणार कुठे, ते ठरवा

नोंदणी नसलेली डर्ट बाइक किंवा क्वाड सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून ती वाहूनच न्यावी लागते. पण उतरवल्यावर चालवायची कुठे? येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते, भंडारदऱ्याकडचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. किनाऱ्यावर गाड्या घालण्यावर स्थानिक प्रशासनाची बंदी असते. उरते ती मालकाच्या परवानगीने खासगी जमीन किंवा ऑफ-रोड ट्रॅक. तिथे गाडी भाड्याने मिळत असेल तर स्वतःची वाहून नेण्याचा खटाटोप करूच नका.

पाण्याचेही तसेच. तानसा, मोडकसागर, भातसा, बारवी आणि नवी मुंबईचे मोरबे ही पिण्याच्या पाण्याची धरणे आहेत. तिथे कयाक घालायचा विचारच नको. इतर जलाशयांवर जलसंपदा विभागाची परवानगी लागते. कॅम्पसाइटवाला ‘चालतं हो’ म्हणाला, एवढ्यावर विसंबू नका. इंजिनाची जेट स्की समुद्रात किंवा खाडीत उतरवायची तर आधी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे चौकशी करा. पावसाळ्यात धबधबे, धरणे आणि किनारे यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, ते घर सोडण्याआधी पाहा.

३. छत: हलक्या पण लांब सामानासाठी

गाडीच्या मॅन्युअलमध्ये छताची मर्यादा दिलेली असते. ती साधारण ५० ते १०० किलोच्या दरम्यान येते आणि रॅकचे वजन तिच्यातच धरायचे. हा आकडा चालत्या गाडीचा आहे. उभ्या गाडीचे छत याहून बरेच जास्त पेलते, म्हणून तर तंबूत दोघे झोपू शकतात. पण ६० किलोचा तंबू आणि ३० किलोची कयाक एकत्र घालून कसारा घाट चढायला लागलात, तर वळणावर गाडी कलताना लगेच जाणवते. एसयूव्हीच्या छतावर दोन्ही मावतात, म्हणून लोक दोन्ही घालतात. आमचा सल्ला एकच घालण्याचा. तंबू छतावर हवा असेल तर कयाक फुगवायची घ्या. कडक कयाक हवी असेल तर तंबू जमिनीवर लावा.

उंचीही मोजा. १.८५ मीटरच्या गाडीवर १२ सेंटीमीटरचा रॅक आणि ४० सेंटीमीटरची कयाक म्हणजे जवळजवळ २.४ मीटर. मॉलचे तळघर सोडाच, सोसायटीच्या स्टिल्टची तुळईही आडवी येते. आकडा लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. परतीला अंधारात, दमलेल्या डोक्याने तो आठवत नाही.

कयाक मधोमध दोन पट्ट्यांनी बांधा आणि शिवाय पुढून-मागून टोकाच्या दोऱ्या लावा. नुसत्या मधल्या पट्ट्यांवर वेगात नाक उचलले जाते आणि रॅकचे बोल्ट ढिले होतात. पट्टा फडफडून कर्कश आवाज करतो, त्याला एक-दोन पीळ दिले की थांबतो.

४. मागचा रॅक: सायकलींसाठी ठीक, मोटरसायकलसाठी नको

मागे टांगलेले वजन मागच्या एक्सलवर जसेच्या तसे येत नाही, वाढून येते. चाकांमधले अंतर २.७ मीटर आणि रॅक मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे असेल, तर १८ किलोचा रॅक आणि तीन सायकली मिळून ६३ किलोचा भार एक्सलवर ९१ किलो पडतो. वरचे २८ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. एवढे बहुतेक गाड्या सोसतात. त्याच हिशेबाने १३० किलोची मोटरसायकल आणि २५ किलोचा कॅरियर १.३ मीटरवर टांगा: मागे २३० किलो, पुढचे ७५ किलो कमी. स्टिअरिंग हलके पडते, ओल्या रस्त्यावर पुढची चाके धरत नाहीत आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. परदेशी व्हिडिओत असे कॅरियर दिसतात ते अवजड पिकअपवर. आपल्या एसयूव्हीवर ते लावू नका.

डिकीच्या दाराला पट्ट्यांनी अडकणारा स्वस्त रॅक घेताना त्याचे हूक पत्र्यावर बसतात की प्लास्टिकच्या स्पॉयलरवर, ते पाहा. स्पॉयलरवर बसत असतील तर तो रॅक तुमच्या गाडीचा नाही. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. हँडल गाडीच्या रुंदीबाहेर आले तर हँडल वळवा किंवा पुढचे चाक काढा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) प्रमाणे मर्यादेबाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे.

५. मोटरसायकल: पिकअप की टेम्पो?

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारख्या पाच आसनी पिकअपचा हौदा साधारण दीड मीटर लांब असतो. २.२ मीटरची मोटरसायकल त्यात सरळ मावत नाही आणि तिरकीही नाही, कारण दीड बाय दीडचा कर्ण २.१ मीटरच भरतो. मागचा फाळका पाडून ठेवावा लागतो. एक्सपल्सचे पुढचे चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवले तर मागचे चाक तिथून सुमारे पावणेदोन मीटरवर, म्हणजे फाळक्यावरच येते. तो भार फाळक्याच्या दोन तारांवर जातो. खड्ड्यात आदळला की तो किती तरी वाढतो. फाळक्याची क्षमता मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय हे करू नका, आणि पाडलेल्या फाळक्याने नंबर प्लेट झाकते का तेही बघा. एका बाइकपुरते आणि क्वचित करायला हे ठीक.

वर्षातून दोन-चारदाच जाणार असाल तर आमच्या मते सरळ उत्तर टेम्पोचे आहे. कुटुंब आणि मुक्काम आपल्या गाडीत, बाइक भाड्याच्या टेम्पोत, चालकासकट. छोट्या हत्तीचा (टाटा एस) हौदा २.२ मीटरचा, म्हणजे एक बाइक चाकांसकट आत बसते. दोन असतील तर बोलेरो पिकअप घ्या, तिचा हौदा अडीच मीटरच्या पुढे आणि क्षमता टनाच्या वर आहे. वाहन पिवळ्या प्लेटचेच हवे. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर दुचाकी चालवायला बंदी आहे. टेम्पोत बांधलेली बाइक मात्र तिथे फक्त माल असते.

चढवणे. हौद्याची उंची ८० सेंटीमीटर धरली तर दीड मीटरच्या फळीला ३२ अंशांचा चढ येतो. त्यावर १६० किलोची बाइक दोघांनाही आवरत नाही. २.४ मीटरच्या उतरंडीवर तोच चढ २० अंशांखाली येतो. बाइकला एक फळी, शेजारून चालणाऱ्याला दुसरी, आणि दोन्ही हौद्याला पट्ट्याने बांधलेल्या. न बांधलेली उतरंड मागचे चाक चढताना मागे सरकते. बहुतेक बाइक इथेच पडतात.

बांधणे. चार रॅचेट पट्टे (दातेरी खटक्याने आवळायचे) लागतात, २५ मिलिमीटर किंवा रुंद, पॉलिएस्टरचे. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि भिजली की आणखी सैल पडते. पुढचे दोन पट्टे फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या, दबणाऱ्या दोन दांड्यांच्या) खालच्या क्लॅम्पला मऊ लूप घालून खाली आणि पुढे, साधारण ४५ अंशांत ओढा. हँडलच्या टोकांना बांधू नका, ती वाकतात. फोर्क अर्ध्याहून थोडा कमी दबेपर्यंत आवळा. पूर्ण दाबला तर सील गळायला लागतात, सैल ठेवला तर खड्ड्यात फोर्क दबून हूक निसटतो. मागचे दोन पट्टे बाइक आडवी सरकू नये एवढ्यापुरते. साइड स्टँड वर, गिअर पहिल्यात, पेट्रोलची टाकी अर्ध्याहून कमी आणि कॉक असेल तर बंद. पट्ट्याचे उरलेले टोक गाठ मारून बांधा. निघाल्यावर १५ ते २० किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. मुरबाडच्या वाटेवर असाल तर कल्याण ओलांडण्याआधीच, कारण तोवर खड्ड्यांनी पहिला ताण खाल्लेला असतो.

६. ट्रेलर: शेवटचा पर्याय

ट्रेलर म्हणजे स्वतंत्र वाहन. त्याची आरटीओत वेगळी नोंदणी लागते आणि विमाही लागतो. विकत घेण्याआधी ठाणे, वाशी किंवा पनवेल, ज्या आरटीओत तुमची गाडी आहे तिथे कोणत्या कागदांवर नोंदणी होईल ते विचारा. गावच्या फॅब्रिकेटरने जोडून दिलेला ट्रेलर पुढे कागदावर येत नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याची क्षमता दिलेली आहे का, तेही पाहा. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ती नसते. तिथे विषय संपला.

हे सगळे जुळले, तर पुढचा आकडा नाकावरच्या, म्हणजे हुकाला जोडायच्या ट्रेलरच्या पुढच्या टोकावरच्या वजनाचा. ट्रेलर २०० किलो आणि दोन बाइक ३५० किलो म्हणजे एकूण ५५०. याचे दहा टक्के, ५५ किलो, हुकावर पडले पाहिजेत. हुकाच्या उंचीइतका लाकडी ठोकळा घरच्या वजनकाट्यावर ठेवून त्यावर नाक टेकवा आणि मोजा. कमी भरले तर बाइक पुढे सरकवा. भार एक्सलच्या मागे गेला की ७०-८० च्या वेगाला ट्रेलर शेपटी हलवू लागतो. तेव्हा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ ठेवून ॲक्सिलरेटर सोडा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर माळशेज उतरताना सगळा भार गाडीच्या ब्रेकवर येतो, म्हणून दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. आणि ठेवणार कुठे? सोसायटीची पार्किंगची जागा पाच मीटरच्या आसपास असते. दांड्यासकट ट्रेलर आणि गाडी एकात बसत नाहीत. सोसायटीचे लेखी ना-हरकत पत्र आधी घ्या.

७. कॅम्परव्हॅन घेत असाल तर

राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ पासून आहे आणि भाड्याच्या व्हॅनही मिळतात. साडेसात टनांपर्यंतच्या व्हॅनला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते स्पष्ट केले. व्हॅन स्वतः बांधून घेणार असाल तर कलम ५२ खाली बदलाची मंजुरी लागते आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. आतून पलंग ठोकून आरसी तशीच ठेवली तर फिटनेसला अडते.

व्हॅनमध्ये सायकली, कयाक खुशाल ठेवा. पेट्रोलचे वाहन मात्र झोपायच्या जागेत नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीवर साठते आणि तिथेच फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो. काही अमेरिकी टॉय हॉलरमध्ये गॅरेजला वाफरोधक भिंत आणि तळाशी झरोके असतात ते याचसाठी.

८. निघायच्या आदल्या दिवशी

दारावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा टायर दाब वेगळा दिलेला असतो, मागच्या टायरला तो भरा. थंड टायरमध्ये, पंपावर पोहोचेपर्यंत तापलेल्यात नव्हे. जॅक भरलेली गाडी उचलतो का ते घरीच पाहा. रॅक लावल्यावर डिकी उघडत नसेल तर पाना, जॅक आणि पाणी मागच्या सीटपाशी ठेवा. काशीद किंवा नागावहून परतल्यावर रॅकचे बोल्ट, रॅचेटचे दात आणि बाइकची चेन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा आणि वाळल्यावर तेल द्या. खाऱ्या पाण्याने गंजलेला रॅचेट पुढच्या खेपेला उघडतच नाही, मग पट्टा कापावा लागतो.