ॲम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह जास्त काळ कसे टिकवावेत

ॲम्प्लिफायरचा आवाज बसू लागला की महागडे परदेशी व्हॉल्व्ह (आवाजाचा संकेत वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. ज्या कारणाने जुना व्हॉल्व्ह गेला ते कारण तसेच राहिले, तर नवा कितीही नामांकित असला तरी त्याच वाटेने जातो.

प्रथम घरातले व्होल्टेज मोजावे. अनेक परदेशी ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला असतो. उद्यमनगरातली यंत्रे थांबल्यावर रात्री आसपासच्या घरात २५० व्होल्ट येत असतील, तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरला सात व्होल्टहून अधिक मिळतात आणि कॅथोडवरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावरचा, लेप झपाट्याने झिजतो. यावर सर्व्हो स्टॅबिलायझर हाच खरा उपाय आहे.

खरी कसोटी बायस लावताना, म्हणजे गाणे नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा हे ठरवताना, लागते, आणि मलाही सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याला लागला. ज्या ॲम्प्लिफायरला बायसचा स्क्रू आहे, त्यांच्यासाठीच हे आहे. आत ४०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक असतात आणि बटण बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतात, म्हणून बाहेर मोजण्याची सोय नसेल तर हे काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावे. नवा व्हॉल्व्ह बसवण्याआधी स्क्रू सर्वांत कमी करंटच्या बाजूला फिरवावा, स्पीकर जोडलेला ठेवावा, गाणे लावू नये आणि अर्धा तास तापू द्यावे. मग करंट मोजत स्क्रू हळूहळू फिरवावा. कॅथोडला एक ओहमचा रेझिस्टर असेल, तर त्यावरचा एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हची (स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हची) प्लेट, म्हणजे आतला बाहेरच्या बाजूचा पत्रा, २५ वॅट सोसते. प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर ४० मिलिअँपिअरला १६ वॅट होतात, आणि तेवढे पुरेसे आहेत. ‘बायस वाढवा, आवाज खुलतो’ असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. थोड्याशा गोडव्यासाठी व्हॉल्व्हचे निम्मे आयुष्य घालवण्यात शहाणपण नाही. शिवाय दुपारी लावलेला बायस रात्रीच्या चढ्या व्होल्टेजला बदलतो, म्हणून ज्या वेळी आपण ऐकतो त्याच वेळी मोजावे.

खोलीतला दिवा मालवून प्लेटकडे जरूर पाहावे. मधल्या हीटरचा नारिंगी उजेड ठीक आहे, पण बाहेरच्या करड्या पत्र्यावर लाल डाग उमटला तर त्याच क्षणी बटण बंद करावे. बायस योग्य असूनही तो डाग दिसत असेल, तर बहुधा आधीच्या टप्प्यातला संकेत या व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा कपलिंग कपॅसिटर गळत असतो. तो बदलल्याशिवाय नवा व्हॉल्व्ह लावू नये.

बंद कपाटात ॲम्प्लिफायर ठेवू नये. इथल्या पावसाळ्यात पिनांवर गंज धरतो, तेव्हा आषाढ सरला की थंड व्हॉल्व्ह काढून पिना आणि सॉकेट कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसावेत. ऐकणे संपले की बंद करावे, मात्र दहा मिनिटांच्या चहासाठी बंद-चालू करू नये. सुरुवातीचा बारीक संकेत वाढवणारे पुढचे छोटे ईसीसी८३ व्हॉल्व्ह मात्र कुणी आग्रह केला तरी पॉवर व्हॉल्व्हसोबत बदलू नयेत. खरखर किंवा शिट्टी ऐकू येईपर्यंत ते खुशाल चालू द्यावेत.