मुलांच्या नावाने खातं उघडताना या चुका टाळा

पोस्टात बचत खात्याच्या काउंटरवर माझी सगळी नोकरी झाली. तान्ही मुलगी कडेवर घेऊन आलेले आईबाप पहिलं विचारायचे, "व्याज जास्त कशात?" पैसे कोणत्या साली लागणार, हे क्वचितच कुणी सांगायचं. खातं चुकतं ते इथेच.

सुकन्या समृद्धीचं, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचं घ्या. मुलगी 18 वर्षांची झाली की पैसे हातात येतात, हा समज घरोघरी आहे. पण खात्याची मुदत संपते ती खातं उघडल्यापासून 21 वर्षांनी, मुलीच्या वयावर नाही. पैसे भरायचे पहिली 15 वर्षं. मुलगी 10 वर्षांची होण्याआधी खातं उघडावं लागतं, म्हणून लोक नवव्या वर्षी धावत येतात. अशा मुलीच्या खात्याची मुदत ती तिशीत आल्यावर पूर्ण होते.

2015 साली योजना नवी असताना एका एस.टी. वाहकाने आपल्या नऊ वर्षांच्या मुलीचं खातं उघडलं. महिन्याला 4,000 रुपये, एकही महिना चुकवला नाही. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ते पासबुक घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. खात्यात सहा लाखांच्या वर शिल्लक होती. चारही वर्षांचा खर्च यातून निघेल, असं त्यांनी घरी सांगून ठेवलं होतं. मला सांगावं लागलं, की शिक्षणासाठी आधीच्या 31 मार्चच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंतच रक्कम निघते, तीही प्रवेशाचा कागद दाखवून आणि फीच्या मागणीपुरती. बाकीची रक्कम मुदत संपल्यावर, किंवा अठरानंतर लग्न ठरलं तर. ते बराच वेळ बाकावर बसून होते. शेवटी शैक्षणिक कर्ज काढलं, त्याचं व्याज खात्यातल्या व्याजाहून महाग. नऊ वर्षांपूर्वी तो फॉर्म मीच तपासला होता आणि मुदतीचं साल सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. ते मला अजून लागतं.

त्यानंतर मी प्रत्येक पासबुकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने तीन सालं लिहून द्यायला लागलो: दहावीचं, अठरा पूर्ण होण्याचं आणि मुदतीचं. (दहावी पास झाल्यावरही शिक्षणासाठी रक्कम काढता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.) मुलगी सात-आठ वर्षांची असेल तर खातं जरूर उघडा, पण सगळी बचत त्यात ओतू नका. कॉलेजच्या फीसाठी आरडी (दर महिन्याची ठेव) किंवा एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) शेजारी चालू ठेवा. मी माझ्या नातीसाठी असंच करायला लावलं.

दुसरी चूक याहून वाईट: मुलाच्या जिवावर विमा काढणं. घर चालतं आईबापाच्या कमाईवर, मग विमा कुणाचा हवा? आमच्या शेजारी नात्यातल्याच एकाने "मुलाच्या भविष्यासाठी" म्हणून वर्षाला 40,000 हप्त्याची पॉलिसी गळ्यात मारली. दुसऱ्या हप्त्यानंतर वडील अपघातात गेले. पालक गेल्यास पुढचे हप्ते माफ होतील, असा रायडर (मूळ पॉलिसीला जोडायची जादा सोय) घेतलेलाच नव्हता. विमा मुलाचा, त्यामुळे हातात काही आलं नाही, आणि हप्ते थांबल्याने पॉलिसीही बंद पडली. मुलाच्या खात्यात पहिला रुपया टाकायच्या आधी कमावत्या पालकाचा टर्म इन्शुरन्स (माणूस गेल्यास घरच्यांना पैसे देणारा साधा विमा) झाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पाहुण्यांचा शब्द मोडवत नाही म्हणून पॉलिसी घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कागद हातात आल्यावर फ्री-लूकची मुदत असते, तेवढ्यात नीट वाचून परत तरी करा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

मुलाचं पीपीएफ (सरकारी लांब मुदतीचं बचत खातं) काढलं म्हणजे मर्यादा दुप्पट होत नाही. तुमचं आणि त्याचं मिळून वर्षाला दीड लाखच. जादा भरलेल्यावर व्याज नाही.

पीपीएफ आणि सुकन्यात 5 तारखेच्या आत भरा, नाहीतर भरलेल्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज बुडतं. 31 मार्चच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत भरणारा माणूस वर्षभराचं व्याज कमावतो.

आजी-आजोबांना हौस असते, पण सुकन्याचं खातं आईवडिलांनी किंवा कायदेशीर पालकानेच उघडावं लागतं. आजोबांनी पैसे द्यावेत, सही बापाची.

जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे का, ते खातं उघडायच्या आधी बघा. दाखल्यावर "बाळ" एवढंच लिहिलेलं घेऊन येणारेही मी पाहिलेत.

मुलाच्या नावाने म्युच्युअल फंड असेल तर तो 18 वर्षांचा होताच व्यवहार थांबतात आणि एसआयपी बंद पडते. त्याचं पॅन, केवायसी (ओळखीची पडताळणी) आणि बँकेतली नवी सही झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. प्रवेशाची फी नेमकी त्याच सुमारास भरायची असते, म्हणून पॅनचा अर्ज बारावीच्या वर्षातच करून ठेवा.